खोडलेली खूण

३ मार्च

मायना काय लिहावा ते सुचत नाही, म्हणून लिहीत नाही. तूही लिहिला नाहीस, तेव्हा फिटंफाट.

तुझं पत्र गॅरेजच्या पत्त्यावर आलं. ग्रीस लागू नये म्हणून वस्तादांनी ते दोन बोटांच्या चिमटीत धरून आणलं आणि म्हणाले, "रेडिएटर, तुझं आहे. अक्षर बाईचं आहे, आधी पाणी पिऊन घे." इथे मला रेडिएटर म्हणतात. का, ते तुला सांगायला नको.

चौदा महिन्यांनी चार ओळी. त्या मला पाठ झाल्या आहेत. बाबांच्या विसरभोळेपणापायी आई थकली आहे. शेवटचं वर्ष सोडून मी पुढच्या महिन्यात कायमची परत येतेय. बाबांना दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी, म्हणजे बेडकी, लागेल. तिचं जाम झालेलं इंजिन बांधायचं की बदलायचं ते सांग, तू आता त्याच कामात आहेस असं ऐकलं.

'ऐकलं' म्हणजे काकूंकडून, तुझ्या आईकडून. म्हणजे तुमच्यात माझा विषय निघतो तर. असो.

उत्तर सोपं आहे. बदलायचं. वस्तादांच्या मागच्या शेडमध्ये त्याच जातीचं एक इंजिन पडून आहे, मागून ठोकलेल्या गाडीतून काढलेलं, अजून चालतं. ते उचलून बेडकीत बसवायला चार-पाच दिवस पुरतील. बांधायचं म्हटलं तर जुनं सगळं खोला, घासा, नवे पिस्टन शोधा. आपल्या जन्माच्या आधीच्या गाडीचे सुटे भाग आता कुणाकडे असणार? महिना जाईल. आणि बंद पडलेलं उकरून हाती काय लागतं?

तू शेवटचं वर्ष सोडतेस ते बरोबर की चूक, यावर मी बोलू नये. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत पर्यवेक्षकाशी भांडून, कोरा पेपर टेबलावर आपटून बाहेर पडलेला माणूस मी. एवढंच सांगतो, कॉलेज सोडल्यावर पहिले दोन महिने फार छान वाटतं.

कोणत्या तारखेला येतेस? स्टेशनवर कुणीतरी लागेल. सामान असेल.

वस्तादांना वेगळं लिहून विचारू नकोस. प्रत्येक इंजिन खोलून बघायचं हा त्यांचा छंद आहे. त्यात दिवस जातात.

मी


११ मार्च

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ, पण शाई निळी होती. मागच्या वेळी काळी होती. (हसू नकोस. इथे दुपारी काम नसलं की माणूस असल्या गोष्टींचा विचार करतो.) म्हणजे एकतीस तारखेला तू कॉलेजात अर्ज देणार आणि सहा एप्रिलला पोचणार. लिहून ठेवलं.

बेडकी परवा आणली. टेम्पोमागे दोरीने बांधली, स्टिअरिंगवर मी बसलो. ओढायच्या वेळी काका जिना उतरून आले आणि न विचारता माझ्या शेजारी बसले. गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, दुसऱ्याच्या गाडीत बसावं तसे. वाटेत एकदाही म्हणाले नाहीत की ब्रेक दाब, की तापमानाचा काटा बघ. आठवतं, तुला चालवायला शिकवताना ते 'काटा, काटा' म्हणून किती ओरडायचे?

गॅरेजच्या दारात उतरले, पाटी वाचली आणि वस्तादांना पहिलं वाक्य बोलले ते हे की 'दुरुस्ती'तला रु ऱ्हस्व हवा, तुमच्या पेंटरने दीर्घ काढलाय. वस्ताद म्हणाले, वीस वर्षांत तुम्ही पहिलेच.

मग मुद्दा निघाला. मी म्हटलं, बदलायचं ठरलंय. वस्तादांनी बॉनेट उचललं, बराच वेळ आत बघत राहिले. म्हणाले, "खोलल्याशिवाय मी बांधाही सांगत नाही आणि बदलाही सांगत नाही. ज्योतिषी आहे का मी?" मी वाद घातला. आवाज जरा चढला माझा. तेवढ्यात काका म्हणाले,

"बदलून टाका. त्या इंजिनाचा काही दोष नव्हता. चालवणाऱ्याचं डोकं बिघडलं होतं. ते काही बदलता येत नाही."

आणि त्यांनी डॅशबोर्डच्या खणातून ती वही काढली. तुला माहीत आहेच ती, रोज सकाळी तारीख घालून पाणी, तेल, हवा, आणि प्रत्येकापुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण. छत्तीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस, गाडीचंही प्रूफ तपासायचा. त्यांनी शेवटचं पान वस्तादांपुढे धरलं. त्या दिवशीची तारीख. 'पाणी' या शब्दापुढे खूण, आणि त्या खुणेवर आडवी रेघ.

"सकाळी मी ही खूण केली," ते म्हणाले, "आणि तासाभरात भर बाजारात गाडी बंद पडली. लोकांनी झाकण उघडलं तर रेडिएटर कोरडा. म्हणजे पाणी न घालता मी खूण केली. न वाचता पान पुढे पाठवण्यासारखं झालं. संध्याकाळी मीच ती खोडली."

मी तिथून उठून हात धुवायला गेलो. डोकं दुखत होतं.

घरातलंही तुला सांगायला हवं. काकू तुला लिहितात ते खरं आहे, काका गॅसची कळ बघायला पुन्हा पुन्हा उठतात. कडी लावल्यावर ओढून बघतात, चार पावलं जाऊन परत येऊन ओढून बघतात. मी आठवड्यातून दोनदा जातो, दवाखान्यात त्यांच्यासोबत बसतो. काकू जेवल्याशिवाय सोडत नाहीत. डॉक्टर म्हणतात वयाप्रमाणे आहे. काका म्हणतात डॉक्टर भिडस्त आहे.

तर बदलूया. काकाही तेच म्हणतात.

मी


१९ मार्च

इंजिन खोललं.

माझं ऐकतंय कोण इथे. वस्तादांनी सकाळीच पाना-पक्कड काढली आणि मला समोर उभं केलं. पिस्टन आत घट्ट अडकून बसले होते, लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने हलवावे लागले. दोन नंबरचा सगळा ओरबाडलेला. त्याच्या आधी वरचं झाकण काढलं होतं, आम्ही त्याला हेड म्हणतो. वस्तादांनी ते रॉकेलने पुसलं, दारात उजेडाला नेलं आणि नखाने चाचपत राहिले. मग माझं बोट धरून त्या जागी ठेवलं. केसाएवढी भेग. दोन नंबर आणि तीन नंबरच्या सिलिंडरांच्या मधोमध, आरपार.

"काकांना काय सांगितलं होतं बाजारातल्या लोकांनी? पाणी घालायला विसरले?"

मी हो म्हटलं.

"हे पाणी न घातल्याने होत नाही. हे पाणी घातल्याने होतं. इंजिन लालबुंद तापलेलं असताना कुणीतरी त्यात गार पाणी ओतलंय. टक् झालं असणार. मग पुढे जेवढं पाणी भरा, भेगेतून आत, धूर होऊन बाहेर. काकांनी त्या सकाळी काठोकाठ भरलं असलं तरी बाजारापर्यंत टिकलं नसतं."

मग त्यांनी फॅनचा पट्टा दोन बोटांत धरला. चौदा महिने उभी असलेली गाडी आणि पट्टा कोरा. काका म्हणाले होते, हा पट्टा मी कधी बदललेला नाही. वस्ताद माझ्याकडे बघत नव्हते. पट्ट्याकडेच बघत होते.

पाना कधी फेकला मला कळलंच नाही. पत्र्यावर लागून खाली पडला. वस्तादांनी तो उचलला, पुसला, जागेवर टांगला आणि हेड माझ्या हातात दिलं. "धू. धुताना विचार कर."

तुला सगळा प्रकार कळवायचा म्हणून लिहितोय. कुणीतरी कधीतरी केलं असेल. गाडी जुनी आहे, किती हातांतून गेली. आता हेडला भेग म्हटल्यावर बांधण्यात अर्थ नाही, हे तर तुलाही पटेल. बदलूया.

हे पत्र मी पुन्हा वाचलं. 'कुणीतरी' हा शब्द वाईट दिसतो. तरी पाठवतोय.


२३ मार्च

तुला वाटलं असेल उत्तर येण्याआधी हा पुन्हा का लिहितो. तुझा अर्ज एकतीसला आहे. टपालाला चार दिवस लागतात, कधी आठवडा. आज नाही लिहिलं तर मग लिहिण्यात अर्थ नाही, आणि तेच मला चार दिवस हवं होतं.

ते कुणीतरी म्हणजे मी.

सगळं सांगतो. मध्ये थांबलो तर पुढे लिहिणार नाही, म्हणून सरळ लिहितो. तू निघायच्या तीन दिवस आधी काकांनी मला बेडकी दिली होती, तुझं तिकीट काढून आणायला. आपण दोघं गेलो. येताना पाण्याच्या टाकीजवळ तू म्हणालीस की तूही कॉलेजात परत जा, माफी माग, वर्ष वाचेल. मी म्हटलं तू जाऊ नकोस. तू म्हणालीस, दोन्ही गोष्टी एक नाहीत. मी काय काय बोललो ते तुला आठवत असेल, मला ते लिहवत नाही. तू गाडी थांबवायला लावलीस, उतरलीस आणि बसने घरी गेलीस. तिथपर्यंतचं तुला माहीत आहे.

त्यानंतर मी घरी आलो नाही. मी टेकडीच्या रस्त्याला लागलो. काम काही नव्हतं. दुसऱ्या गिअरमध्ये, पाय तळाला लावून, वर. निम्म्या चढावर पट्टा तुटल्याचा आवाज झाला. पंखा बंद पडला. मी काटा बघितला. तांबड्या रेघेला टेकत होता. तुला खरं सांगू का, मला बरं वाटलं. मला वाटलं, तापू दे. माझ्याइतकं तापू दे. काटा शेवटाला जाऊन तिथेच राहिला तरी मी माथ्यापर्यंत गेलो.

वर एक नळ होता. बॉनेटमधून वाफ येत होती. तासभर थांबायचं असतं, निवू द्यायचं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण मला तासभर तिथे एकट्याने बसवत नव्हतं. झाकणावर सदरा टाकून ते उघडलं आणि डबा भरभरून गार पाणी ओतलं. टक् असा आवाज झाला. वस्ताद त्या दिवशी म्हणाले ना, टक् झालं असणार, तोच. चौदा महिने मी तो आवाज ऐकतोय.

मग पायी खाली गेलो, नवा पट्टा आणला, बसवला, जुना झुडपात फेकला. गाडी सुरू झाली. जरा अडखळत होती. वाटलं, होईल ठीक. गाडी पुसली, पाणी काठोकाठ भरलं आणि संध्याकाळी किल्ली काकांच्या हातात दिली. त्यांनी विचारलं, काटा बघत होतास ना? मी हो म्हटलं. बघत तर होतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं तेव्हा पाणी खाली गेलेलं असणार. त्यांनी भरलं. खूण केली. बाजारात गेले.

तुमच्याकडे बातमी कळली तेव्हा मी दारातच होतो. तू बॅग भरत होतीस. तू बाबांना म्हणालीस, "बाबा, हल्ली तुम्ही सगळंच विसरता, गाडीची किल्ली आईकडे द्या." तू घाबरून बोललीस, मला माहीत आहे. त्यांनी किल्ली दिली. मी चप्पल घालून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस आणि मला राग आला, आणि त्या रागात मी ते वाक्य गिळलं. उद्या सांगू म्हटलं. तू गेलीस. मग कुणाला सांगू, असं झालं. मग काका ती कडी ओढून बघायला लागले, आणि जितके ते ओढायला लागले तितकं सांगणं कठीण होत गेलं.

याहून वाईट पुढे आहे. तुझं पत्र आलं, तू परत येतेस, तेव्हा मला कळलं की माझ्या गप्प बसण्याने तू परत येते आहेस. कळलं, आणि तरी मी लिहिलं 'बदलायचं'. इंजिन खोललं नाही तर भेग दिसणार नाही. भेग दिसली नाही तर काकांचं डोकं बिघडलेलंच राहील. ते बिघडलेलं राहिलं तर तू येशील. हिशेब असा सरळ होता. मी तो कधी शब्दांत मांडला नाही, पण सहा तारखेला स्टेशनवर घालायचा शर्ट मी धुऊन ठेवला होता.

काका विसरतात. चष्मा विसरतात, माणसांची नावं विसरतात. माझ्या बापालाही माझा वाढदिवस आठवत नाही. पण पाटीवरचा दीर्घ रू त्यांना रस्त्यावरून दिसला. अर्ज देऊ नकोस. निदान मी आज जे करणार आहे ते होईपर्यंत देऊ नकोस.

हे पत्र आधी पेटीत टाकणार, मग तुमच्या घरी जाणार. उलट केलं तर जिन्यातून परत फिरेन. मी मला ओळखतो.


६ एप्रिल

आज तू येणार होतीस.

वस्ताद म्हणाले, काकांनी तुला फोन केला आणि अर्ध्या तासात तू त्यांना तीनदा म्हणालीस की अर्ज देत नाही. त्यांनी तुझ्याकडून तीनदा वदवून घेतलं असणार. एकदा ऐकून त्यांचं समाधान व्हायला अजून वेळ लागेल.

मला तुझं उत्तर आलेलं नाही. येईल असं धरून हे लिहीत नाही. इंजिनाचं काय झालं हे तू विचारलं होतंस, ते पुरं करतो.

त्या दिवशी मी गेलो तेव्हा काका पेपर वाचत होते आणि काकू भाजी निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, जसं तुला लिहिलं तसं. टेकडी, पट्टा, नळ.  काकांनी मध्ये फक्त एकदा विचारलं, किती वाजता? मी म्हटलं, पाचच्या सुमारास. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, जणू तो दिवस अजून चालू होता.

मग म्हणाले,

"म्हणजे मी पाणी घातलं होतं."

मी हो म्हटलं.

"घातलं होतं मी," ते काकूंना म्हणाले.

काकूंनी विळी बाजूला सारली. मला वाटलं आता हात उगारतील, आणि मला ते हवं होतं. त्या म्हणाल्या, "या चौदा महिन्यांत तू आमच्याकडे किती वेळा जेवलास रे?" आणि उठून आत गेल्या. अजून माझ्याशी बोलत नाहीत. बरोबर आहे त्यांचं.

काका मात्र माझ्याबरोबर पायी गॅरेजवर आले.  दार ओढून घेतलं आणि पुन्हा ओढून न बघता, मागे न वळता जिना उतरले. ते मी बघितलं. गॅरेजवर त्यांनी भेगेवरून स्वतःचं बोट फिरवलं, बराच वेळ. वस्तादांनी स्टूल दिलं. विचारलं, आता बोला, बांधायचं की बदलायचं?

"बांधायचं," काका म्हणाले. "त्याने काही चुकीचं केलेलं नाही."

इंजिनाबद्दलच बोलत होते.

तर असं झालं आहे. शेडमधल्या इंजिनाचं फक्त हेड घेतलं, कारण भेगेला इलाज नाही. बाकी सगळं बेडकीचंच. चारी सिलिंडर थोडे वाढवून घेतले, मापाचे पिस्टन वस्तादांनी कुठल्या तरी जुन्या दुकानदाराच्या माळ्यावरून पैदा केले. तेरा दिवस लागले. नट-बोल्ट मीच आवळले, वस्ताद प्रत्येकावर पुन्हा पाना लावून बघत होते. काका रोज येऊन स्टुलावर बसायचे. माझ्याशी कामापुरतं बोलायचे. एकदाच म्हणाले, माझ्याकडे न बघता, "दुसऱ्या दिवशी सांगितलं असतंस तर मी रागावलो असतो. आठ दिवस." आणि थांबले. पुढचं मला समजावं म्हणून.

आज सकाळी सुरू करायची होती. मी पाण्याचा डबा घेऊन पुढे झालो. काका म्हणाले, तू हात लावू नकोस. त्यांनी स्वतः पाणी भरलं, झाकण लावलं, आणि ते ओढून बघितलं. एकदाच. मग वही काढली. मला वाटलं आजची तारीख घालतील. त्यांनी ते जुनं पान काढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि त्या खोडलेल्या खुणेच्या खाली तीन टिंबं दिली, मोजून, सारख्या अंतरावर.

वस्तादांनी विचारलं हे काय. काका म्हणाले, प्रूफ तपासताना चुकून बरोबर गोष्ट खोडली गेली, तर ती पुसून परत लिहायची नसते. रेघ तशीच राहते. खाली टिंबं द्यायची, म्हणजे खिळे लावणाऱ्या जुळाऱ्याला कळतं की हे खोडलं होतं, पण राहू द्यायचं आहे.

मग त्यांनी किल्ली फिरवली. तिसऱ्या वेळी लागली. आधी खोकली, मग एकसारखी चालत राहिली. काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून काट्याकडे बघत होते. काटा मधोमध येऊन थांबला. तरी ते बघत राहिले. मीही बघत राहिलो. 

ते गाडी घेऊन एकटे घरी गेले. वस्तादांनी दुपारी पेंटरला बोलावून पाटीवरचा रू ऱ्हस्व करून घेतला.

कॉलेजात मी पत्र टाकलं आहे, माफीचं. घेतील की नाही माहीत नाही. तू त्या दिवशी टाकीजवळ म्हणालीस की दोन्ही गोष्टी एक नाहीत. खरं होतं ते.

खाली मी 'तुझा' असा शब्द लिहिला होता आणि तो खोडला. कागद बदलला नाही, रेघ तशीच ठेवली आहे. लाल पेन्सिल तुमच्या घरात आहे, आणि टिंबं कुठे देतात ते तुला लहानपणापासून माहीत आहे. नाही दिलीस तरी खोडलेलं खोडलेलंच आहे, ते मी वाचू शकतो.